पहारेकरी घरी गेल्यावर

'बंद' हा शब्द फार्सीतून मराठीत आला आणि आल्या दिवसापासून त्याने आपल्याला फसवण्याचा उद्योग आरंभला, असे माझे मत आहे. दिवा बंद केला म्हणजे उजेड थांबतो. नळ बंद केला म्हणजे पाणी थांबते. दुकान बंद झाले म्हणजे फळ्या लागतात आणि गिऱ्हाईक बाहेर राहते. इथपर्यंत सगळे सरळ आहे. पण पहारा बंद केला म्हणजे काय होते? पहारा बंद झाला की वाट मोकळी होते! एकच शब्द एके ठिकाणी दार लावतो आणि दुसऱ्या ठिकाणी तेच दार सताड उघडतो. आपण मात्र दोन्ही ठिकाणी तो त्याच निष्काळजीपणाने वापरतो आणि कुणाची तक्रार नसते.

'थांब' हा आपला घरचा शब्द. त्याची कुळी थेट संस्कृत 'स्तंभ्' धातूपर्यंत पोचते. मूळ अर्थ आधार देणे, रोखून धरणे. म्हणजे थांबणे ही आळशाची गोष्ट नव्हे. उभे राहून कशाला तरी तोलून धरण्याची गोष्ट आहे. खांब थांबलेला असतो म्हणून छप्पर थांबते. आता त्या खांबालाच कुणी म्हणाले, "बाबा रे, तू आता थांब," तर त्याने काय करावे? आहे तसाच उभा राहावे, की आपले काम सोडून आडवे व्हावे?

वर्गात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवताना असले प्रश्न मी विद्यार्थ्यांना घालतो. पहिल्या बाकावरची मुले ते वहीत उतरून घेतात, आणि शेवटच्या बाकावरची खिडकीबाहेर पाहतात. खिडकीबाहेर पाहणाऱ्यांना मी कधी रागे भरत नाही. कारण हा प्रश्न काव्यशास्त्राचा नसून रोजच्या संसाराचा आहे, हे मलाही वर्गात कळले नाही; कळले ते नांदेडच्या आमच्या महाविद्यालयातील एका संगणकापुढे, रात्री साडेदहाच्या सुमारास.

पण आधी त्या 'फायरवॉल' नावाच्या वस्तूची ओळख करून देतो. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मूळ शब्द इमारतींचा आहे. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये जी जाड भिंत घालतात, ती फायरवॉल. संगणकवाल्यांनी तो शब्द उचलला, आणि आमच्यातल्या उत्साही मंडळींनी त्याचे 'अग्निभिंत' असे भाषांतर करून टाकले. मला विचाराल तर त्या वस्तूला 'वेस' म्हणायला हवे होते. कारण ती नुसती भिंत नाही. तिला दार आहे, दारावर पहारेकरी आहे, आणि पहारेकऱ्याच्या हातात यादी आहे. आमच्या भागात कंधारला, औशाला, उदगीरला किल्ले आहेत. किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात माणूस वाकून जाईल एवढी एक दिंडी ठेवण्याची चाल ज्यांनी पाहिली असेल, त्यांना फायरवॉल अर्धी समजली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक निरोपाला हा पहारेकरी अडवतो. कुठून आलास? कोणत्या क्रमांकाच्या दिंडीने जायचे म्हणतोस? यादीत बसला तर आत, नाही तर परत. शिवाय तो स्मरणशक्तीचाही पक्का असतो. आतल्या माणसाने बाहेर पत्र धाडले असेल, तर त्याचे उत्तर घेऊन आलेला तो बरोबर ओळखतो आणि विनातक्रार सोडतो. आमच्या कार्यालयात इतकी आठवण ठेवणारा एकही माणूस मला आजवर आढळलेला नाही.

या पहारेकऱ्याला हुकूम द्यायचे ते तीन-चारच. 'स्टार्ट' म्हणजे कामाला लाग. 'स्टॉप' म्हणजे थांब. 'रिलोड' म्हणजे नवी यादी घे. 'रिस्टार्ट' म्हणजे थांबून पुन्हा लाग. लहान मुलाला समजावी अशी ही बाराखडी. आणि इथेच गंमत आहे.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात संगणक समिती नावाची एक समिती होती आणि मी तिचा सदस्य होतो. मराठीच्या प्राध्यापकाचे तिथे काय काम, असे कुणी विचारील. महाविद्यालयातल्या समित्या ज्यांनी पाहिल्या आहेत ते विचारणार नाहीत. माझे काम एवढेच की, संगणकाच्या खोलीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असायची. खरा कारभार एका तरुण मुलाच्या हाती. लातूरचाच पोरगा, हुशार, कमी बोलणारा, आणि आपले काम हे काही विशेष काम आहे असे चुकूनही न दाखवणारा. सणासाठी तो लातूरला घरी गेला होता. तिकडे बसून तारेवरून इकडचे यंत्र हाताळण्याची सोय असते. आणि तो रजेवरही ते हाताळायचा.

दुसऱ्या दिवशी परीक्षेचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. लोह्याची, मुखेडची, कंधारची मुले आपापल्या गावातल्या दुकानांतून अर्ज भरत होती, आणि काहींचे अर्ज अडकत होते. अडचण पहाऱ्यात आहे की आणखी कुठे, हे पाहण्यासाठी या मुलाने लातूरहून दोन मिनिटांपुरता 'स्टॉप'चा हुकूम सोडला. तोवर ज्या यंत्रांवर त्याचा हात बसला होता, तिथे 'स्टॉप' म्हणजे पहारा उठणे आणि वाट मोकळी होणे. पण आमच्याकडे नुकतेच नवे साधन बसवले होते, आणि त्याच्या कोशात 'स्टॉप'चा अर्थ दुसराच होता. पहारेकरी उठला, पण उठताना वेशीचे दार लावून, अडसर घालून उठला. अर्ज भरणारी मुले बाहेर राहिली. आणि सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे, हुकूम देणारा स्वतःही बाहेरच राहिला. दार उघडायचा हुकूम द्यायला त्याला त्याच दारातून आत यायला हवे होते!

मला फोन आला. "सर, झोपला नव्हता ना? जरा कॉलेजात जाता का? मी 'स्टॉप' दिलं आन् दारच लागलं. मीबी बाहेरच राहिलो."

लातूरहून नांदेडला यायचे म्हणजे चाकूर, अहमदपूर, लोहा करीत एस.टी.ने तीन-चार तास. माझ्या घरापासून महाविद्यालय दहा मिनिटांवर. मी गेलो, रखवालदाराला उठवले, खोली उघडली आणि यंत्रापुढे बसलो. तिकडून त्याने एकेक अक्षर सांगायचे, इकडे मी ते उमटवायचे, पुन्हा वाचून दाखवायचे आणि मगच कळ दाबायची. जन्मभर लोकांचे शुद्धलेखन तपासले, त्याचा रोख मोबदला मला त्या रात्री प्रथमच मिळाला. शेवटचा 'स्टार्ट' हा शब्द उमटला, पडद्यावर ओळींची एक फौज धावत गेली, आणि फोनमधून आवाज आला, "आलो सर! आत आलो!" रखवालदार दाराशी उभा होता. त्याने विचारले, "कोण आलं?" मी म्हणालो, "लातूरहून एकजण आला आहे." त्याने बाहेर डोकावून पाहिले आणि मग माझ्याकडे जरा काळजीने पाहिले.

रजा संपवून तो मुलगा परत आला तेव्हा उपाहारगृहात चहा घेताना मी त्याला विचारले, "एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ तुमच्या शास्त्रात चालतात तरी कसे?" त्याने जे सांगितले ते इतके सुरेख होते की, माझ्या बाजूने थोडी कल्हई करून ते वाचकांपुढे ठेवतो.

लिनक्स नावाच्या ज्या प्रणालीवर अशी यंत्रे चालतात, तिथे खरा पहारेकरी यंत्राच्या गाभ्यातच बसवलेला असतो. त्याला 'नेटफिल्टर' म्हणतात. २००१ च्या जानेवारीत निघालेल्या २.४ या आवृत्तीपासून तो तिथे आहे. आपण ज्यांना फायरवॉलची साधने म्हणतो, ती या पहारेकऱ्याला हुकूम लिहून देणारे कारकून. कारकुनाने यादी लिहिली, पहारेकऱ्याच्या हाती दिली, की काम पहारेकऱ्याचे. मग आपण 'स्टॉप' म्हणतो ते कुणाला? कारकुनाला! आणि कारकून जाताना काय करून जातो, ते ज्याने तो कारकून घडवला त्याच्या स्वभावावर अवलंबून.

एक कारकून असा की, जाताना सगळे हुकूम फाडून टाकतो आणि पहारेकऱ्याला सांगतो, आता कुणालाही अडवू नकोस. 'रेड हॅट' घराण्यातली 'आयपीटेबल्स'ची जुनी सेवा याच पठडीतली. २०१३ च्या आरंभी 'फेडोरा १८' बरोबर मुख्य कारकून म्हणून बसलेला 'फायरवॉलडी' हाही, मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर, जाताना आपले हुकूम पुसून जातो. मात्र त्याच्या नियमपत्रातली एक ओळ बदलली, तर तो हुकूम तसेच मागे ठेवून निघून जातो. कारकून नाही, पण पहारा कालच्याच यादीवर चालू. हा झाला दुसरा प्रकार.

तिसरा प्रकार 'शोअरवॉल'चा. टॉम ईस्टेप नावाच्या अमेरिकन गृहस्थाने हे साधन लिहिले, आणि या गृहस्थाबद्दल माझ्या मनात आदर आहे. कारण त्याने शब्दांचा घोळ ओळखून दोन वेगळे हुकूम केले. त्याच्याकडे 'स्टॉप' म्हणजे वेस बंद: पहारेकरी नसताना कुणीही आत यायचे नाही, आधी लिहून ठेवलेल्या मोजक्या माणसांखेरीज. आणि सगळे मोकळे सोडायचे असेल तर त्याला वेगळा शब्द, 'क्लिअर'. एवढ्यावर तो थांबला नाही. 'स्टॉप' देणारा माणूस स्वतःच दाराबाहेर अडकेल हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने आणखी एक सोय ठेवली. ती चालू असेल, तर 'स्टॉप'च्या क्षणी जे बोलणे आधीच चालू आहे ते तुटत नाही. त्या सोयीचे नाव त्याने काय ठेवले असेल? 'ॲडमिन इज ॲबसेंटमाइंडेड', अर्थात 'कारभारी विसरभोळा आहे'! यंत्रशास्त्रात इतके माणसाळलेले नाव मी दुसरे ऐकलेले नाही. कारभारी चुकणारच, हे गृहीत धरून त्याच्यासाठी दिंडी ठेवायची, आणि त्याच्या विसरभोळेपणाला दूषण न देता तिला त्याचेच नाव द्यायचे!

'रिलोड' आणि 'रिस्टार्ट' यांतही असाच नाजूक फरक आहे. 'रिस्टार्ट' म्हणजे जुन्या पहारेकऱ्याला घरी धाडून पुन्हा कामावर बोलावणे. तो परत येतो तेव्हा त्याच्या हाती नवी यादी असते, पण मधल्या काळात दाराचे काय, हा प्रश्न उरतो. आणि कुठे कुठे तर तो आधीची ओळखदेखच विसरून येतो. मघाशी बाहेर पत्र टाकायला गेलेला घरचा माणूस परत आला, तर त्यालाच विचारतो, तू कोण? 'रिलोड'मध्ये पहारेकरी जागचा हलत नाही. त्याच्या हातातली यादी तेवढी बदलायची. चालू असलेली बोलणी चालूच राहतात. 'फायरवॉलडी'त साधे 'रिलोड' दिले तर ओळखी टिकतात. 'संपूर्ण रिलोड' असा वेगळा हुकूम आहे, त्यात त्या पुसल्या जातात आणि चालू बोलणी बहुधा तुटतात. शिवाय एक खोच अशी की, तोंडी दिलेले आणि वहीत न लिहिलेले हुकूम 'रिलोड'मध्ये नाहीसे होतात. जे वहीत तेच खरे. आमच्या कार्यालयाला हा नियम लावला तर निम्मा कारभार एका सकाळीत नाहीसा होईल.

आणि सर्वांत शहाणी युक्ती शेवटी. 'शोअरवॉल'मध्ये 'सेफ रिस्टार्ट' म्हणून एक हुकूम आहे. नवी यादी लागू करायची, आणि लगेच कारभाऱ्याला विचारायचे, "चालेल ना?" साठ सेकंदांत त्याने 'हो' म्हटले तर ठीक. 'नाही' म्हटले, किंवा बिचारा नव्या यादीमुळे स्वतःच बाहेर अडकला आणि काहीच बोलू शकला नाही, तर जुनी यादी आपोआप परत. मौन म्हणजे संमती, असे आपले शास्त्रकार सांगतात. इथे मौन म्हणजे नकार. बोलू न शकणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारा इतका दयाळू नियम मला धर्मग्रंथांतही क्वचित आढळला.

"मग सर, बरोबर कोणतं?" त्या मुलाने मलाच विचारले. "थांबल्यावर दार उघडं राहावं का बंद?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण त्याच सुमारास हाच प्रश्न आमच्या घरात चालू होता.

वडील गेल्यापासून आई लातूरच्या घरी एकटी राहते. वडील होते तोवर घराचा पहारा त्यांचा. रात्री दहाला ते मागच्या दारापासून सुरुवात करीत. कडी, खिट्टी, आणि शेवटी पुढच्या दाराला आतून लाकडी अडसर. तो अडसर सागवानी, आजोबांच्या वेळचा. वडील गेल्यावर ते काम आईने उचलले, आणि अधिक कडकपणे उचलले. एकदा पहाटे तिला चक्कर आली. दुधवाल्याने कडी वाजवली, शेजारच्या काकूंनी हाका मारल्या. आई शुद्धीवर होती, ओ देत होती, पण उठून दारापर्यंत येणे तिला जमत नव्हते. दार आजोबांच्या सागवानाने धरून ठेवलेले. शेवटी मागच्या खिडकीचे गज काढून काकूंचा मुलगा आत उतरला. निभावले. पण त्या दिवसापासून आम्हा भावंडांची झोप उडाली.

पुण्याचा भाऊ म्हणाला, "तिला नांदेडला घेऊन जा, घर बंद कर." बहीण म्हणाली, "अडसर काढून टाका, बाहेरून उघडणारं कुलूप लावा." आणि आई म्हणाली, "घर म्हणजे काय धर्मशाळा आहे? रात्री कुणीबी किल्ली लावून आत येईल, आन् मी झोपू?"

दोन्ही बाजूंना वजन होते. आणि मला राहून राहून १९९३ सालची ती रात्र आठवत होती. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून गावेच्या गावे दमून झोपली होती. चारच्या आधी काही मिनिटे किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, ज्या शतकभर लोकांना थंडीवाऱ्यापासून, चोरापासून राखत होत्या, त्याच अंगावर आल्या. हजारो माणसे आपापल्या घरात, आपापल्या कड्या लावून झोपली होती. लातूर शहरात आम्ही वाचलो. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो, आणि वडिलांनी, त्याच अडसरवाल्या वडिलांनी, पुढचे दार सताड उघडे ठेवले. कुणी म्हणाले, "चोर येईल." वडील म्हणाले, "येऊ द्या. चोर भांडी नेईल. भिंत पोरं नेईल."

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला या वाक्यात सापडले. थांबल्यावर दार उघडे राहावे की बंद, हे दार सांगू शकत नाही, पहारेकरीही सांगू शकत नाही. ते सांगते भीती. आत काय आहे आणि त्याला सर्वांत मोठे भय कशाचे, हे आधी ठरवावे लागते. रेल्वेच्या जुन्या सिग्नलची तार तुटली तर त्याचा हात आपल्या वजनाने 'थांबा'च्या खुणेवर यायचा. कारण गाडी उशिरा पोचली तरी चालेल, पण धडकता कामा नये. उलट चित्रपटगृहाची बाहेर जाण्याची दारे आतून ढकलताच उघडली पाहिजेत. कारण आग लागल्यावर फुकट्या प्रेक्षकाची चिंता कुणी करीत नाही. महाविद्यालयाच्या यंत्रात मुलांचे गुण असतात. पहारेकरी नसेल तर तिथले दार बंद असणेच बरे, मग एक रात्र अर्ज अडले तरी. पण आत एकटे माणूस असेल, आणि तेच माणूस पहारेकरी असेल, तर? पहारेकरीच कोसळला तर बंद दाराने रक्षण कुणाचे करायचे? रायगडाच्या हिरकणीची कथा आपण मुलांना शौर्याची म्हणून सांगतो. ती खरे तर नियमाची कथा आहे. दरवाजा वेळेवर लागला, पहारेकऱ्यांनी नियम पाळला. आणि ज्या बाईचे तान्हे मूल गडाखाली होते, तिच्यासाठी त्या नियमात एकही दिंडी नव्हती, म्हणून तिला कडा उतरावा लागला.

मग मी लातूरला गेलो. भावाचे म्हणणे मी मनातच बाजूला सारले होते. आईला नांदेडला आणणे म्हणजे 'रिस्टार्ट'. तिचे शुक्रवारचे भजन, भिशी, तिची नाडी ओळखणारे डॉक्टर, उधारीवर विश्वास ठेवणारा किराणावाला, आणि तिने हाक मारली की भिंतीपलीकडून ओ देणाऱ्या काकू. चाळीस वर्षे चालू असलेली ही सगळी बोलणी एका दिवसात तुटली असती. नांदेडला ती सुरक्षित राहिली असती यात शंका नाही. पण कुणाशी बोलत राहिली असती? आई जिथे आहे तिथेच राहावी, आणि तिच्या हातातली यादी तेवढी बदलावी, असे मला वाटत होते.

आईशी मी संगणकाची गोष्ट बोललो नाही. मी विचारले, "आई, रात्री तुला काही झालं, तू उठू शकली नाहीस, तर घरात कुणी आलेलं तुला चालेल?"

"कुणीबी नाही चालणार."

"कुणीही नको. मोजून सांग. कोण कोण?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू. तिचा पोरगा... चालेल, पण काकूसंगं. आन् तू."

"भाऊ?"

"तो पुण्याहून येईस्तोवर मी उठून बसेन की!"

तिघांची यादी झाली. पुढच्या दाराला बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवायचे, एक किल्ली काकूंकडे, एक माझ्याकडे. राहिला अडसर. त्यावरून ती अडून बसली. "तुझ्या बाबांनी जन्मभर लावला," ती म्हणाली. मला तिच्या आवाजातले कळले. तो अडसर चोरासाठी नव्हताच. रात्री दहाला तो लावताना घरात अजून कुणीतरी आहे, असे तिला वाटत असावे.

मी म्हणालो, "एक महिना न लावता बघ. पटलं नाही तर आपोआप परत लावायचा. मला विचारायचंसुद्धा नाही. तू काही बोलली नाहीस तरी, नाही पटलं असंच मी समजेन आणि येऊन स्वतः लावून देईन."

"आन् पटलं तर?"

"तर तू तोंडाने सांगायचंस. तुझ्या तोंडून 'हो' आल्याशिवाय काही पक्कं नाही."

तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. या घरात गप्प राहण्याला 'हो' समजण्याची तिला चाळीस वर्षांची सवय होती. गप्प राहिली तर 'नाही' समजू, असे तिला बहुधा कुणी कधी म्हटलेच नव्हते.

महिना होण्याच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. आधी हवापाणी झाले, काकूंच्या नातवाचे बारसे झाले, नळाला किती दिवसांनी पाणी येते ते झाले. मग ती म्हणाली, "ते दाराचं राहू दे तसंच. आन् अडसर मी देवघराच्या कोपऱ्यात उभा करून ठेवलाय. रोज दहाला हात लावते, आन् झोपते."